रविवारची उलटी दिशा

रविवारी सकाळी नऊनंतर चांदणी चौकातून पौडकडे येणारा रस्ता बघितला की वाटतं, पुण्यात काहीतरी झालंय आणि सगळे जीव घेऊन पळत सुटलेत. भूगाव, भुकूम, पिरंगुट, पुढं पौड, गाडीला गाडी लागलेली. काचा वर, आत गाणी, मागच्या सीटवर मुलं झोपलेली आणि डिकीत एवढं खाणं, की ताम्हिणीत आठवडाभर अडकून पडले तरी कुणी उपाशी मरायचं नाही. पण जीव घेऊन पळणारी माणसं भज्यांसाठी थांबत नाहीत आणि ही तर दर दोन किलोमीटरला थांबतात. मग उलगडा होतो. संकटबिंकट काही नाही, पाऊस लागलाय आणि पुणं निसर्गात निघालंय.

निसर्ग म्हणजे आम्ही. मुळशी तालुक्यात जन्मलेल्या माणसाला आपण निसर्गात राहतो हे पुणेकरांनी सांगेपर्यंत माहीत नसतं. आमची समजूत, आपण चिखलात राहतो. आता जून ते सप्टेंबर दर रविवारी कुणीतरी काच खाली करून विचारतं, ‘काका, पॉइंट कुठं आहे?’ पहिल्यांदा आम्ही गोंधळायचो. कसला पॉइंट? इथं रस्ता आहे, ओढा आहे, शिंद्यांचा गोठा आहे. आता सरळ ‘पुढं’ म्हणून हात दाखवतो. पुढच्या गावातलेही ‘पुढं’च म्हणतात. अशी ती माणसं पुढं पुढं जात ताम्हिणीपर्यंत पोचतात, धुक्यात काहीच न दिसणाऱ्या एका कठड्याशी उभी राहून फोटो काढतात आणि समाधानानं परततात. कुणाचंच काही बिघडत नाही. फक्त एकदा लावणी करणाऱ्या बायांना एका तरुणानं ‘मावशी, एकदा परत वाका ना’ म्हटलं, तेव्हा मावशींनी त्यालाच चिखलात उतरवून चार रोपं लावायला लावली. त्याला बिचाऱ्याला ते फार आवडलं. म्हणे अनुभव मिळाला.

तर अशा रविवारी ज्याला जमतं तो मुळशीकर उलट्या दिशेनं निघतो. पहाटेची पीएमपी पकडायची, वनाजला उतरायचं, तिथून मेट्रोनं थेट पुणे स्टेशन. समोरून येणाऱ्या पहिल्या गाड्या आपल्याकडं दयेनं बघतात. एवढा पाऊस, एवढी हिरवळ टाकून हे लोक शहरात कशाला चाललेत? आम्ही शहरात नाही चाललेलो, आगगाडीत बसायला चाललोय. डोंगर, धबधबा, धुकं सगळं घरी आहे आणि घरचं असल्यामुळं त्याचं कौतुक नाही. आमच्या तालुक्यात नाही ती एवढीच एक वस्तू, रेल्वे.

शेजारच्या मावळाला ती १८५८ सालीच मिळाली. त्या वर्षी जूनमध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. आमच्यात आणि त्या रुळांत मधे पवन मावळ आणि डोंगराच्या दोन-चार सोंडा, बस एवढंच. तैलबैल्याकडच्या माणसाला तर आजही पौडपेक्षा लोणावळा सोयीचं. पण रेल्वे काही सोंड ओलांडून अलीकडं आली नाही. रूळ आमच्या खोऱ्यात आले ते एकदाच, आणि तेही आम्हाला कुठं न्यायला नव्हेत. टाटांच्या धरणाचं काम चालू होतं, त्याच्यासाठी. पन्नासच्या वर गावं पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. राजेंद्र व्होरांनी त्यावर पुस्तक लिहिलं ते धरणाविरुद्धचा जगातला पहिला लढा म्हणून. तीन-साडेतीन वर्षं माणसं तुरुंगात जात-येत राहिली, आणि १९२४च्या अखेरीस सेनापती बापटांनी साथीदारांना घेऊन धरणाच्या मजुरांची गाडी अडवली. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झालंच. जुनं मुळशी गाव पाण्यात गेलं, तालुक्याला नाव तेवढं ठेवून गेलं. कचेरी पौडला, नाव मुळशीचं, असा आमचा कारभार. रेल्वेशी आमचं नातं हे असं आहे. गाडीत बसण्याच्या आधी आम्ही गाडी अडवली.

म्हणून असेल, पण मुळशीकर अजूनही रेल्वेत जरा बिचकून चढतो. जागा मिळाली तरी अर्ध्यावर टेकतो. पिशवी मांडीवर. ‘इथं कुणी बसलंय का?’ हे रिकाम्या बाकालाही विचारतो. आणि एकदा गाडी हलली की मात्र खिडकीबाहेर असा बघत राहतो, की समोरच्याला वाटावं, याचं कुणीतरी स्टेशनावर राहिलंय.

पुणे-लोणावळा लोकल १९७८च्या मार्चमध्ये सुरू झाली. तासा-सव्वा तासाचा प्रवास. सहल म्हणून तिची कुणी जाहिरात केलेली मी पाहिली नाही. माझ्या मते पुणे जिल्ह्यातली सगळ्यात चांगली सहल तीच. पहिला अर्धा भाग शहराचा. शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी. इथं बघायचं असतं ते घरांच्या मागच्या बाजूचं. रस्त्यावरून शहर आपल्याला पुढून दिसतं, पावडर लावलेलं. रेल्वेतून दिसतात त्या न्हाणीघराच्या खिडक्या, वाळत घातलेल्या गोधड्या, गच्चीवर बनियनवर दात घासणारे गृहस्थ. गाडी गेली तरी ते गृहस्थ आत जात नाहीत, कारण गाडी रोजचीच. देहूरोडनंतर बेगडेवाडी, घोरावाडी अशी स्टेशनं येतात. ती कुणाची आहेत हे मला कोडंच आहे. पण तिथंही दोघं उतरतात, एक चढतो आणि उतरलेले असे ठाम पावलं टाकत जातात की पलीकडं मोठं काहीतरी असणारच.

तळेगाव सुटलं की हवा बदलते, हे अगदी खरं. वडगावात १७७९ साली इंग्रजांच्या फौजेनं मराठ्यांपुढं गुडघे टेकले आणि तह करून सुटका करून घेतली. खरं तर तिथं गाडीतल्या प्रत्येक मराठी माणसानं छाती पुढं काढायला हवी. पण तळेगावला निम्मा डबा उतरलेला असतो, जागा नुकती मिळालेली असते, आणि नव्या जागेवर बसलेला माणूस इतिहासाकडं बघत नाही, पाय कुठं पसरता येतील ते बघतो. मग कान्हे, कामशेत. भातखाचरं, इंद्रायणीचं वळण, आणि डोंगराच्या पोटातून वर जाणाऱ्या धुराच्या दोन रेघा. हे सगळं आमच्या घराच्या मागंही आहे. तिथं मी ते कधी पाहिलं नाही. खिडकीला चौकट असते म्हणून असेल, किंवा आपल्याला त्या खाचरात उतरून काम करायचं नाहीये याची खात्री असते म्हणून असेल. दुसरं कारण मला जास्त पटतं.

परतीच्या लोकलमध्ये एकदा कामशेतला करवंदांची पाटी घेऊन एक बाई चढल्या. समोर ट्रेकवाल्यांचं टोळकं. पाठीवर पोतडीएवढ्या सॅक, हातात काठ्या, गुडघ्यापर्यंत चिखल. बाईंनी पाटी खाली ठेवली, पदरानं मान पुसली आणि चौकशीला सुरुवात केली.

‘कुठं गेलता?’

‘लोहगडावर, मावशी.’

‘कशाला?’

टोळकं जरा घुटमळलं. या प्रश्नाचं उत्तर त्यांनी तयार केलेलं नव्हतं. एक जण म्हणाला, ‘असंच. बघायला.’

‘दिसला का?’

‘नाही, वर एकदम ढग आले.’

‘मग परत यावं लागंल,’ बाई म्हणाल्या आणि करवंदांचा वाटा पानात बांधायला लागल्या. पुढं चिंचवडपर्यंत त्या मुलांनी मिळून अर्धी पाटी खाल्ली. किल्ल्यानं दिलं नाही ते पाटीनं दिलं.

लोहगड-विसापूरला जाणारे सगळे मळवलीला उतरतात. मळवलीचं स्टेशन एवढं साधं आहे की आपण चुकून उतरलो की काय असं वाटावं. बाहेर पडून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडायचा. खालून गाड्या सूं सूं करत मुंबईला धावत असतात, आणि पुलावरून कुणीतरी बकऱ्या हाकत चाललेला असतो. अर्ध्या-पाऊण तासात भाज्याची लेणी. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. चैत्यगृहाच्या दगडी छताला आतून लाकडाच्या कमानी बसवलेल्या दिसतात. दगडाला लाकडाची गरज नव्हती. पण लाकडी घरात राहिलेल्या कारागिरांना कमान नसलेलं छप्पर छप्पर वाटलं नसणार. तिथं बसून मी डबा खाल्ला की मला त्या कारागिरांबद्दल फार आपुलकी वाटते. आमच्याकडंही आरसीसीचं घर बांधून पुढं कौलारू पडवी काढतात.

छोट्या सहलीचा माझा एकच कायदा आहे. स्टेशनातून चालत जाऊन, बघून, चालत परत येता येईल तेवढंच बघायचं. त्याच्या पलीकडं रिक्षा करावी लागली की सहल संपली आणि व्यवहार सुरू झाला. आमच्या मेहुण्यांना हा कायदा मान्य नाही. ते यादीवाले. एका दिवसात मुंबई म्हणजे गेटवे, राणीची बाग, हाजी अली, सिद्धिविनायक, गिरगाव चौपाटी, आणि वेळ उरल्यास, हे ‘उरल्यास’ फार गोड, नेहरू तारांगण. डाव्या बाजूला ठिकाण, उजव्या बाजूला वेळ, मधे रकाना मोकळा, टिक करायला. त्यांच्याबरोबर मी एकदा गेलो. घाटात बाहेर ढग खिडकीतून आत येत होते आणि मेहुणे ‘कर्जत किती वाजता?’ विचारत होते. रात्री परतताना मी विचारलं, ‘समुद्र कसा वाटला?’ ते म्हणाले, ‘होता.’

प्रवासाला निघालेल्या मराठी कुटुंबाचा डबा कुठं उघडतो यावर मी बराच विचार केलेला आहे. दशम्या, लसणाची चटणी, कांदा, केळी, शिवाय ‘बाहेरचं पाणी नको’ म्हणून पाच लिटरचा कॅन. हे सगळं घरून न्याहारी करून निघाल्यावर. गाडी पुण्यातून सुटून शिवाजीनगरला थांबेपर्यंत माणसं कशीबशी धीर धरतात. खडकी आली की कुणीतरी म्हणतं, ‘पोरांना भूक लागली असेल.’ पोरं खिडकीशी भांडत असतात, त्यांना भूक वगैरे काही नसते. पण झाकण निघतं. लोणावळ्याला पोचेपर्यंत डबा रिकामा आणि मग चिक्कीच्या दुकानात सगळे असे शिरतात जणू उपास सोडायचाय.

गाडीनं सहलीला जाणं ही काही आजची हौस नव्हे. डेक्कन क्वीन १ जून १९३०ला सुरू झाली ती मुळात शनिवार-रविवारची गाडी म्हणून, पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींना येणाऱ्या मुंबईच्या बड्या लोकांसाठी. म्हणजे जी गाडी आज आपण नोकरदारांची म्हणून ओळखतो, ती जन्माला आली चैनीखातर. पुढं पासवाल्यांनी तिला संसाराला लावली. तिच्यात जेवणाचा डबा अजून आहे, आणि चालत्या गाडीत टेबलाशी बसून ऑम्लेट खाणं ही मुळशीच्या माणसाच्या मते चैनीची परमावधी आहे. पण त्या गाडीत सहलीला म्हणून बसायचं तर पासवाल्यांची नजर सोसावी लागते. त्यांचा रोजचा पत्त्यांचा डाव ठरलेला, जागा ठरलेली, कुठल्या बोगद्यानंतर झोपायचं तेही ठरलेलं. आपण ‘अय्या, धबधबा!’ म्हटलं की ते एक डोळा उघडतात आणि पुन्हा मिटतात. २०२१पासून या मार्गावरच्या गाड्यांना काचेच्या छताचा डबाही जोडतात. त्यात जास्तीचे पैसे मोजून माणसं आकाशाकडं तोंड करून बसतात. त्याच गाडीत मागं पासवाले घोरत असतात. घाट एकच. एकाला तो तिकिटाएवढा दिसतो, दुसऱ्याला अजिबात दिसत नाही.

खरं म्हणजे भोर घाटावरून कुणीही झोपून जाऊ नये. १८६३ साली तो खुला झाला, त्यासाठी हजारो मजुरांनी डोंगर फोडला आणि त्यातले कितीतरी तिथंच राहिले. चढ ३७ला १. पूर्वी खंडाळ्याजवळ गाडी थांबायची, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि गाडी उलटी होऊन पुढं जायची. ती कसरत १९२९ला संपली. आजही मुंबईहून येताना कर्जतला मागून इंजिनं लागतात आणि ती गाडीला डोंगरावर ढकलतात. त्या थांब्यानंच कर्जतच्या वड्याला नाव मिळवून दिलं. उतरताना मंकी हिल, ठाकूरवाडीला गाडी ब्रेक तपासायला थांबते. तिथं फलाट नाही, चहा नाही, उतरायला परवानगी नाही. नुसतं थांबायचं. समोर दरी आणि तीत पाऊस. मला विचाराल तर सबंध मध्य रेल्वेवर बघण्यासारखे थांबे हेच, आणि तिकिटावर त्यांचं नाव नसतं.

आमचे आबा, म्हणजे थोरले चुलते, साठीनंतर पहिल्यांदा या घाटातून मुंबईला गेले, तेव्हा मी बरोबर होतो. दरी, बोगदे यांचं त्यांना काही वाटलं नाही. डोंगर होता, भोक पाडलं होतं, झालं. त्यांचं लक्ष होतं विजेच्या मनोऱ्यांवर. आमच्या धरणाचं पाणी पूर्वेला, म्हणजे आपल्याकडं, वाहत नाही. डोंगरातून पश्चिमेला नेऊन कोकणात भिऱ्याला सोडतात. तिथं १९२७पासून टाटांचं वीजघर आहे आणि ती वीज मुंबईला जाते. हे आबांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं, ज्यांची जमीन पाण्याखाली गेली. त्यामुळं कर्जतपासून पुढं आबा मालकाच्या नजरेनं बघायला लागले. ‘ही तार आपली.’ ‘ह्यो दिवा आपला.’ दादरला फलाटावर पंखा फिरत होता. आबांनी टोपी काढून त्याच्याखाली डोकं धरलं आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी गृहस्थाला म्हणाले, ‘घ्या, तुम्हीबी घ्या. आपल्याच घरचं वारं हाय.’

गृहस्थांनी बाजूला सरकून वारं घेतलं. जुन्या जीआयपी रेल्वेनं गाड्यांसाठी स्वतःचं वीजघर ठाकुर्लीजवळ चोळ्याला बांधलं होतं. म्हणजे फलाटावरच्या पंख्याचं वारं नक्की कुणाच्या घरचं याची चौकशी करायला वाव होता. पण आबांसमोर ती काढायची कुणाची हिंमत झाली नाही. त्या दिवशी आम्ही गेटवे पाहिला, समुद्र पाहिला. घरी आल्यावर आबांनी सांगितलं एवढंच, ‘पानी चांगल्या कामाला लागलंय. पर इचारून न्यायला पायजे हुतं.’

मुंबईला आमच्या खोऱ्यातून नुसती वीजच गेली नाही. डबेवाले गेले. मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागातली ही माणसं रोज लोकलच्या सामानाच्या डब्यातून लाकडी फळ्या घेऊन चर्चगेट-अंधेरी करतात. जन्म रेल्वेत जातो. चैत्रात गावोगावच्या जत्रा लागल्या की सगळे मिळून चार-पाच दिवस सुट्टी घेतात, आणि त्या दिवसांत मुंबईतले साहेब लोक घरच्या डब्याविना हॉटेलं शोधत फिरतात. सहल म्हणजे कुठून तरी कुठं तरी जाणं, एवढीच व्याख्या धरली तर डबेवाल्याइतकी सहल कुणी केली नसेल. पण जत्रेला आलेल्या एका डबेवाल्या भावकीतल्या दादांना मी म्हटलं, ‘चला, रविवारी लोकलनं मळवलीला जाऊन येऊ,’ तर ते माझ्याकडं असे बघायला लागले की मला पुढं बोलवेना. ‘लोकलनं?’ एवढंच म्हणाले. मग आम्ही दोघं बैलगाडा बघायला गेलो.

दुसरी आवडती दिशा साताऱ्याची. पुण्याहून मिरजेकडं जाणारी गाडी हडपसर ओलांडून फुरसुंगीनंतर वळते आणि शिंदवण्याच्या घाटाला लागते. या मार्गावर आळंदी नावाचं स्टेशन आहे. नवखा वारकरी टाळ काखेत मारून इथं उतरायला निघतो, आणि डब्यातले चार-पाच लोक एकदम ओरडतात, ‘माउलींची नाही, म्हातोबाची!’ हा गजर मी ऐकलेला आहे आणि तो करणाऱ्यांच्या तोंडावर पुण्य मिळाल्याचं समाधानही पाहिलेलं आहे. पुढं राजेवाडी, मग जेजुरी. जेजुरीला स्टेशनातूनच गड दिसतो, त्यामुळं म्हाताऱ्या बायका फलाटावरूनच हात जोडतात आणि पायऱ्या वाचवतात. नीरा, लोणंद. मग आदर्की, जिथं गाडी डोंगराला वळसे घालत चढते आणि मघाशी आपण होतो ते रूळ खाली दिसतात. पुढं वाठार. महाबळेश्वरला जाणारे साहेब लोक एके काळी इथं उतरून टांग्यानं वर जात. आज तिथं उतरून कुणी महाबळेश्वरला जाईल असं वाटत नाही.

या रस्त्याचा खरा आनंद क्रॉसिंगचा होता. एकेरी मार्ग, समोरून गाडी यायची, म्हणून आपली कुठल्या तरी आडस्टेशनात अर्धा-अर्धा तास उभी. माणसं खाली उतरायची, नळावर तोंड धुवायची, बाभळीखाली तंबाखू मळायची, एकमेकांच्या मुलींची लग्नं जमवायची. स्टेशनमास्तरांच्या शेळीचं नाव सगळ्यांना माहीत. आता दुहेरीकरण होत आलंय, वरून तारा आल्यात, गाड्या थांबायच्या बंद व्हायला लागल्यात. रोज जाणाऱ्याच्या दृष्टीनं हे चांगलंच झालं, त्याला लवकर घरी पोचायचं असतं. पण सहलीला निघालेल्या माणसाचा वेळ वाचवून त्याला द्यायचं काय? तो घरून निघालाच होता वेळ घालवायला.

कोकण रेल्वेवर रोह्यानंतर लगेच कोलाड लागतं. तिथं कुंडलिकेच्या पाण्यात रबरी होड्यांतून लोटून देतात, त्याला पैसे पडतात. पोटात गोळा येतो, माणसं किंचाळतात, बाहेर येऊन पुन्हा जायचं म्हणतात. कुंडलिकेला उन्हाळ्यातही सकाळी सकाळी एवढा जोर येतो कुठून? भिऱ्याच्या वीजघरातून सोडलेल्या पाण्याचा. म्हणजे आमचंच. मी काठावर उभं राहून हिशेब केला. आजोबांची जमीन बुडाली त्या पाण्यावर पुणेकर आमच्याकडं येऊन फोटो काढतात, मुंबईकर त्याच्या विजेवर पंखा लावतात, आणि उरलेल्या पाण्यात तरुण मंडळी कोलाडला पैसे देऊन बुडायला जातात. एका पाण्यात तीन सहली. मी होडीत बसलो नाही. घरच्या पाण्याला पैसे द्यायचे हे आबांना कळलं असतं तर त्यांनी घरात घेतलं नसतं.

तालुक्याच्या पूर्वेच्या टोकाला, हिंजवडीला, आता खांब उभे राहिलेत आणि शिवाजीनगरपर्यंत २३ स्टेशनांची मेट्रो त्यावरून धावायची आहे. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या आमच्या तालुक्यात रूळ आले म्हणायला हरकत नाही. पौडला त्याचा काही उपयोग नाही. चहाच्या टपरीवर यावर बोलणी चालतात. एक जण म्हणतो, मेट्रो ताम्हिणीपर्यंत आणावी, म्हणजे रविवारची ट्रॅफिक संपेल. दुसरा म्हणतो, मग इथं कणीस कोण घेईल? तिसरा गप्प असतो. त्याचं हॉटेल रस्त्याला आहे. मला विचारलं तर मी म्हणतो, नको. रेल्वे आमच्या दारात आली तर ती आम्हाला चिखलासारखीच रोजची होईल, आणि मग आम्ही रविवारी जायचं कुठं?

तेव्हा पुणेकरहो, पावसाळाभर तुम्ही खुशाल आमच्याकडं या, कणसं घ्या, धुकं बघा, फक्त रिकाम्या बाटल्या सोबत न्या. पण एखादा रविवार गाडी घरी ठेवून लोकलनं मळवलीला जाऊन बघा. एक सूचना मात्र लक्षात ठेवा. परतताना संध्याकाळी मळवलीला चढायचा प्रयत्न करू नका, उभं राहायलाही जागा मिळत नाही. लोणावळ्याकडं जाणारी लोकल पकडा, एकच स्टेशन उलटं जा आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत निवांत खिडकीत बसा. तिकीट मात्र लोणावळ्यापर्यंतचं आणि लोणावळ्यापासूनचं, अशी दोन्ही काढा, टीसी रविवारीही असतो.